कमी बजेटचा डेस्कटॉप : रॅमचा स्पीड किती घ्यावा, कुठे पैसे वाया जातात

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुष्कळ घरांत कॉम्प्युटरचा विषय निघतो. मुलीला बीसीएला प्रवेश मिळालेला असतो, मुलाला टॅली किंवा ऑटोकॅड शिकायचे असते, नाहीतर घरातच ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे छोटे काम सुरू करायचे असते. डेस्कटॉप त्याच पैशात लॅपटॉपपेक्षा जास्त काम देतो आणि बिघडला तर एकेक भाग बदलता येतो, म्हणून डेस्कटॉप ठरतो. बजेट मात्र आधीच बांधलेले असते. आपल्याकडे अनेक कुटुंबे व्याजाच्या हप्त्यावर वस्तू घेत नाहीत; जी रक्कम साठली आहे तेवढ्यातच सगळे बसवायचे असते. मग दुकानदाराच्या कोटेशनमध्ये रॅमच्या ओळीवर घोडे अडते. "२६६६ देऊ की ३२००? ३६०० वाली थोडीच महाग आहे, ती घ्या, मशीन पळेल." हे 'थोडीच' कधी द्यावे आणि कधी देऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. कमी बजेटमध्ये रॅमचा स्पीड हा शेवटचा प्रश्न आहे. आधी रॅम किती जीबी, मग ती एका स्टिकमध्ये की दोन स्टिकमध्ये, मग आपला बोर्ड आणि प्रोसेसर किती स्पीड चालवू शकतात, आणि त्यानंतर स्पीड. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि हाती काही लागत नाही. ज्या मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही तिथे स्पीडला थोडे जास्त महत्त्व आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण बजेटमधली बहुतेक मशीन तशीच असतात.

हा हिशेब आता जास्त जपून करावा लागतो. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर चढले. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढली आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या मोठ्या उत्पादकांचा ओढा तिकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला 'क्रुशिअल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय भावाने रॅम घेतली होती, याचा आज उपयोग नाही. या लेखात आम्ही रुपयांचे आकडे मुद्दामच देत नाही. ते वाचेपर्यंत शिळे होतील. भाव त्याच दिवशी दोन-तीन दुकानांत विचारावा.

डब्यावरचे आकडे काय सांगतात

रॅमच्या डब्यावर 'डीडीआर४ ३२००' असे काहीतरी लिहिलेले असते. दुकानात लोक त्याला 'बत्तीसशे मेगाहर्ट्झ' म्हणतात. खरे म्हणजे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचेच असते. प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती सरकते, म्हणून सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा. याचे अचूक एकक मेगाट्रान्सफर, म्हणजे एमटी. हे सांगायचे कारण एकच. सीपीयू-झेड नावाचे सॉफ्टवेअर १६०० दाखवते आणि लोक घाबरतात, की दुकानदाराने अर्ध्या स्पीडची रॅम गळ्यात मारली. तसे नसते. त्या आकड्याला दोनने गुणायचे.

एका वेळेला ८ बाइट जातात. म्हणून ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती सरकवू शकते, २६६६ ची २१.३ जीबी आणि २४०० ची १९.२ जीबी. कागदावर हा फरक बराच वाटतो. पण वर्डमध्ये अर्ज टाइप करताना, ब्राउझरवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना किंवा टॅलीत एंट्री करताना प्रोसेसर एवढी माहिती मागतच नाही. तिथे २६६६ आणि ३२०० शेजारी-शेजारी ठेवले तर कुठली मशीन कुठली, हे ओळखता येणार नाही.

दुसरा आकडा सीएल. रॅमकडे माहिती मागितल्यावर ती निघायला किती ठोके लागतात, हे सीएल सांगतो. तो जितका कमी तितका चांगला, पण त्याची तुलना स्पीड सोडून करता येत नाही. सोपा हिशेब असा: सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा, उत्तर नॅनोसेकंदात मिळेल. २६६६ सीएल १९ म्हणजे साधारण १४.२५. ३२०० सीएल २२ म्हणजे १३.७५. ३२०० सीएल १६ म्हणजे १०. आणि ३६०० सीएल १८ म्हणजे पुन्हा १०. शेवटच्या दोन्हींत वाट पाहण्याचा वेळ सारखाच आहे. ३६०० मध्ये फक्त माहिती वाहून नेण्याची ताकद थोडी जास्त. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दुकानात उभ्या-उभ्या हा हिशेब होतो आणि कोटेशनमधली अर्धी जादू तिथेच उतरते.

आधी जीबी

स्वयंपाकघरातला ओटा आणि माळा डोळ्यांसमोर आणा. रॅम म्हणजे ओटा, हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे माळा. ओट्यावर जागा असेल तोवर काम भराभर होते. जागा संपली की प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढायचे. रॅम भरली की विंडोज हेच करते, उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. डिस्क कितीही चांगली असली तरी रॅमच्या तुलनेत ती फार मंद. म्हणून ८ जीबी ३६०० पेक्षा १६ जीबी २६६६ जवळजवळ प्रत्येक घरात बरी पडते. ८ जीबी भरली की ३६०० चा स्पीड कामाला येत नाही.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी सांगितली आहे. तेवढ्यात मशीन चालू होईल, काम होणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आता नवी मशीन ११ धरूनच घ्यायची. ८ जीबीमध्ये एक ब्राउझर, एक वर्ड आणि एक व्हिडिओ क्लास निभावतो. १६ जीबी घेतली की चार-पाच वर्षे निवांत. फोटोशॉपसाठी अडोबी किमान ८ सांगते आणि १६ ची शिफारस करते. ॲन्ड्रॉइड ॲप शिकणाऱ्या मुलांनाही १६ हवीच, कारण एम्युलेटर म्हणजे मशीनच्या आत दुसरा मोबाइल चालवणे. व्हिडिओ एडिटिंग रोजीरोटीचे काम असेल तरच ३२.

उलट बाजूही सांगायला हवी. उर्दू लग्नपत्रिका, दावतनामे, मदरशाच्या पावत्या यांसाठी इनपेज चालवणाऱ्यांना फार रॅम लागत नाही. ते सॉफ्टवेअर त्या मानाने हलके आहे. अशा दुकानात ८ जीबी पुरते आणि वाचलेले पैसे एसएसडीत घालावेत. मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्कच असेल, तर रॅमचा स्पीड हा प्रश्न विचारूच नये. साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते आणि फिरती डिस्क त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर अडखळते. घरातल्या सगळ्यांना जाणवेल असा फरक तिथे पडतो.

एक मोठी की दोन छोट्या

बजेटच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, आणि ते कोटेशनवर दिसत नाही. घरगुती प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एकच स्टिक लावली की एकच रस्ता उघडतो. दोन लावल्या की दोन्ही, आणि माहिती वाहून नेण्याची ताकद दुप्पट होते. म्हणजे २६६६ च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला ४२ जीबीच्या वर जातात, तर ३६०० ची महागडी एकटी स्टिक २८.८ वर थांबते. स्वस्त जोडीने महाग एकटीला मागे टाकले.

म्हणून १६ जीबी घ्यायची असेल तर ८ अधिक ८. काही दुकानदार एक १६ ची स्टिक सुचवतात, "पुढे अजून १६ टाकता येईल". हा सल्ला अगदी चुकीचा नाही. बोर्डावर दोनच स्लॉट असतील, वर्षभरात दुसरी स्टिक नक्की घ्यायची असेल आणि मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर एक १६ चालून जाते. पण 'पुढे टाकू' हे किती घरांत खरे होते, हे ज्याचे त्याला ठाऊक. आमचे मत जोडीच्या बाजूने आहे.

आज ८ च घेणे शक्य असेल तर ४ अधिक ४ करू नका. तिथे ८ ची एक घ्या आणि एक स्लॉट मोकळा ठेवा. ४ च्या स्टिकला पुढे कोणी विचारत नाही.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक शेजारी-शेजारी लावायच्या नसतात. प्रोसेसरकडून मोजत बहुतेक बोर्डांवर दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात; बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असते. घाईत असेंबल केलेल्या मशीनमध्ये दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर लावलेल्या सापडतात आणि दोन स्टिकचे पैसे देऊन रस्ता एकच उघडतो.

जुनी ८ ची स्टिक आहे, नवी ८ ची जोडायची आहे, ब्रँड वेगळा आहे, चालेल का? बहुतेक वेळा चालते. दोन्ही स्टिक हळू असलेलीच्या स्पीडने धावतात. जुनी २४०० असेल तर नवी ३२०० घेऊनही मशीन २४०० वरच राहील. तेव्हा अशा जोडणीत नवी स्टिक सगळ्यात स्वस्त मिळेल ती घ्यावी, फक्त डीडीआरचा प्रकार तोच हवा. डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका.

बोर्ड आणि प्रोसेसर किती चालवू देतात

रॅम कितीही वेगवान आणली तरी ती मालक नाही, भाडेकरू आहे. घरमालक प्रोसेसर आणि बोर्ड.

इंटेलच्या स्वस्त बोर्डांवर ही मर्यादा कडक असते. एच३१०, बी३६०, एच४१०, बी४६० हे चिपसेट रॅमला प्रोसेसरच्या अधिकृत स्पीडच्या पुढे जाऊ देत नाहीत. आय३-८१०० आणि आय३-९१००एफ २४०० वर थांबतात. आय३-१०१०० आणि आय५-१०४०० ची अधिकृत मर्यादा २६६६. म्हणजे एच४१० वर आय३-१०१०० असेल आणि तुम्ही ३२०० किंवा ३६०० ची रॅम आणली, तर ती २६६६ च्या वर जाणारच नाही. पुढच्या पिढीत, म्हणजे आय५-११४०० आणि आय३-१२१०० पासून डीडीआर४ ची अधिकृत मर्यादा ३२०० झाली. आज बजेटमध्ये सर्रास मिळणारा एच६१० बोर्डही डीडीआर४ ला ३२०० वरच थांबवतो. बी६६० आणि बी७६० वर त्याच्या पुढे जाता येते, पण ते बोर्ड महाग. बोर्डाचे जास्तीचे पैसे आणि रॅमचे जास्तीचे पैसे मिळून जी रक्कम होते, त्यात बहुधा वरचा प्रोसेसर किंवा दुप्पट एसएसडी येते.

एएमडीकडे मोकळीक जास्त आहे. ए५२० सारख्या स्वस्त बोर्डावरही रॅमचा स्पीड वाढवता येतो. रायझन ३००० आणि ५००० मालिकेची अधिकृत मर्यादा ३२००, पण ३६०० सहसा बिनतक्रार चालते. या प्रोसेसरच्या आतली माहितीची वाट रॅमच्या घड्याळाच्या तालावर चालते, म्हणून इथे स्पीडचा फायदा इंटेलपेक्षा थोडा जास्त दिसतो. तो साधारण ३६०० पर्यंतच. ४००० ची रॅम घातली तर बहुतेक प्रोसेसरमध्ये हा ताल तुटतो आणि जास्त पैसे देऊन मशीन हळू होऊ शकते. रायझन असेल तर ३२०० सीएल १६ ला आमची पसंती. ३६०० सीएल १८ त्याच भावात मिळाली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

किती जास्त द्यावे? आमचा अंदाजपंचे पण उपयोगी नियम असा: वरच्या स्पीडसाठी रॅमच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त मागत असतील तर देऊ नये. आणि बोर्ड तो स्पीड चालवणारच नसेल तर फुकटही वर जाऊ नये, त्याचे कारण पुढच्या परिच्छेदात आहे.

साधी रॅम आणि एक्सएमपी रॅम

३२०० नावाच्या रॅम दोन प्रकारच्या असतात, हे फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते. एक साधी: हिरवी किंवा काळी पट्टी, वर पत्रा नाही, सीएल २२, १.२ व्होल्ट. ती बोर्डावर लावली की आपोआप ३२०० वर चालते, कुठलेही सेटिंग लागत नाही. बोर्ड कमी स्पीडचा असेल तर शहाण्यासारखी २९३३ किंवा २६६६ वर उतरते. दुसरी एक्सएमपीवाली: वर पत्र्याचे कवच, सीएल १६, १.३५ व्होल्ट. तिचा ३२०० हा स्पीड बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावरच मिळतो. चालू केले नाही तर यातल्या पुष्कळ स्टिक २१३३ किंवा २४०० वर झोपून राहतात.

आता गंमत पाहा. कंपन्या-ऑफिसांतून निघालेल्या डेल, एचपी, लेनोवो यांच्या जुन्या मशीन आपल्याकडे भरपूर विकत घेतल्या जातात. आमच्या मते कमी पैशात तो चांगला सौदा आहे. पण या मशीनच्या बायोसमध्ये बहुधा एक्सएमपीचा पर्यायच नसतो. तिथे महागडी ३६०० ची रॅम लावली की ती २१३३ वर उतरू शकते, आणि शेजारची साधी, स्वस्त २६६६ तिच्यापेक्षा वेगाने धावते. जास्त पैसे देऊन कमी स्पीड विकत घेतल्यासारखे झाले. ऑफिसच्या मशीनला साधीच रॅम लावा.

स्वतः असेंबल केलेली मशीन असेल आणि एक्सएमपी रॅम घेतली असेल तर घरी आणल्यावर पहिले काम ते चालू करण्याचे. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे एक्सएमपी असे लिहिलेले असेल, असुसच्या एएमडी बोर्डावर डीओसीपी, डीडीआर५ च्या एएमडी मशीनवर एक्स्पो. ते चालू करून एफ१० ने सेव्ह करा. मशीन अडली तर बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्न करून आपसूक जुन्या स्पीडवर येतात. आला नाही तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटे काढून ठेवायचा आणि परत लावायचा. यात भिण्यासारखे काही नाही. घरातला अकरावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी हे काम मोठ्यांपेक्षा लवकर करते.

रंगीत दिव्यांच्या रॅमबद्दल एकच वाक्य. त्या दिव्यांनी स्पीड वाढत नाही, आणि घरातली वडीलधारी मंडळी त्याला इसराफ म्हणत असतील तर बरोबरच म्हणतात.

ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा

बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसत नाही, म्हणून प्रोसेसरच्या आत असलेल्या ग्राफिक्सवरच काम चालते. रायझन ५ ५६००जी हे याचे नेहमीचे उदाहरण. ग्राफिक्स कार्डाला स्वतःची वेगवान मेमरी असते. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला नसते. ते आपल्या याच रॅममधून घेते. म्हणजे एकाच ओट्यावर दोघे जण काम करतात. अशा मशीनमध्ये एकच स्टिक लावणे म्हणजे ग्राफिक्सचा गळा आवळणे. गेममधले फ्रेम, ब्लेंडरमधले थ्रीडी, एडिटिंगचा प्रीव्ह्यू, सगळीकडे फरक डोळ्यांना दिसतो. ५६००जी घेऊन त्यात १६ ची एक स्टिक घातलेली मशीन आम्हाला सगळ्यात वाईट सौदा वाटते, कारण ज्या ग्राफिक्ससाठी तो प्रोसेसर निवडला तेच पांगळे केले.

इथे दोन स्टिक सक्तीच्या, आणि इथेच २६६६ वरून ३२०० वर जाण्याला खरा अर्थ आहे. मुलगा गेम खेळतो म्हणून कुणी नाक मुरडेल, पण डिझाइनचा, आर्किटेक्चरचा किंवा ॲनिमेशनचा कोर्स करणाऱ्या मुलांनाही हाच हिशेब लागू आहे. आणखी एक गोष्ट: हे ग्राफिक्स रॅममधला एक हिस्सा आपल्यासाठी राखून ठेवते. ८ जीबी लावली आणि विंडोजमध्ये ७ च्या आसपासच किंवा त्याहूनही कमी वापरता येण्याजोगी दिसली, तर रॅम खराब नाही, ती ग्राफिक्सकडे गेली आहे. अशा मशीनला ८ जीबी म्हणूनच तोकडी पडते.

डीडीआर४ की डीडीआर५

एएमडीच्या एएम५ बोर्डांवर डीडीआर५ शिवाय पर्यायच नाही. इंटेलच्या १२ ते १४ पिढीत दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका बोर्डावर बहुधा एकच प्रकार.

डीडीआर५ ची सुरुवात ४८०० पासून होते. आकडा मोठा आहे म्हणून हुरळून जाऊ नका. वरचा हिशेब लावा. ५६०० सीएल ४६ म्हणजे १६.४ नॅनोसेकंद, साध्या डीडीआर४ ३२०० पेक्षाही जास्त वाट पाहणे. माहिती वाहून नेण्याची ताकद मात्र खूप जास्त. त्यामुळे आतल्या ग्राफिक्सला डीडीआर५ चांगलीच मानवते आणि कारकुनी कामाला तिचा फारसा फरक पडत नाही. रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा ५२००, पण ६००० सीएल ३० ही तिला सगळ्यात छान जमणारी जोडी मानली जाते. बजेटमध्ये ती बसली नाही तर ५६०० ची साधी जोडी घेऊन खुशाल कामाला लागावे.

चार स्लॉट आहेत म्हणून डीडीआर५ च्या चार स्टिक भरू नका. रायझन ७००० वर चार स्टिक लावल्या की अधिकृत स्पीड थेट ३६०० वर येतो. आणि एएम५ ची नवी मशीन पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटे स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. लोक घाबरून बटण बंद करतात आणि ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा करून घ्यावा.

आज कोणते घ्यावे? एकरकमी, कमी बजेट, चार-पाच वर्षे वापर आणि मधे अपग्रेड करणार नाही, असे असेल तर जे एकूण स्वस्त पडेल ते. केवळ 'नवे आहे' म्हणून डीडीआर५ साठी १६ ची ८ जीबी करू नका.

खरेदी करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि लहान गावांत एखादे-दुसरे दुकान. कुठेही गेलात तरी कोटेशनवर फक्त '१६ जीबी रॅम' एवढे लिहू देऊ नका. प्रकार, स्पीड, सीएल, किती स्टिक आणि ब्रँड, हे पाचही लिहून घ्या. 'ॲसॉर्टेड' किंवा बिननावाची रॅम नको. जीएसटीचे बिल घ्या. १८ टक्के जड वाटतात, पण नामांकित ब्रँडच्या रॅमची वॉरंटी वर्षानुवर्षांची असते आणि ती बिलावाचून मिळवताना दमछाक होते.

कोकणातल्या आणि इतर अनेक घरांतले कोणी ना कोणी आखातात असते. रॅम हलकी, बॅगेत सहज येते, म्हणून दुबईहून मागवण्याचा विचार सुचतो. बर दुबईच्या बाजारात निवड मोठी असते हे खरे. मागवण्याआधी दोन्ही देशांतले त्याच दिवसाचे भाव रुपयांत करून पाहा आणि त्या ब्रँडची वॉरंटी भारतात चालते का, हे विचारा. खराब स्टिक बदलण्यासाठी पुढच्या सुटीपर्यंत थांबायचे असेल तर वाचलेल्या पैशाला काही अर्थ राहत नाही.

जुन्या बाजारात दोन फसगती ठरलेल्या आहेत. एक, सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम. ती फार स्वस्त मिळते, दिसायला सारखीच, स्लॉटमध्येही बसते, पण घरगुती बोर्डावर मशीन चालूच होत नाही. स्टिकरवर 'आर' किंवा 'रजिस्टर्ड' दिसले की परत करा. दुसरी, अगदी छोट्या डब्याएवढे डेस्कटॉप. त्यांना लॅपटॉपची आखूड रॅम लागते. झाकण उघडून पाहिल्याशिवाय रॅम घेऊ नका. जुनी रॅम तशी सहसा खराब होत नाही. चालू करून, तपासून घेतली तर बजेटसाठी तो उत्तम मार्ग आहे.

घरी आणल्यावर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत, हे तिथे दिसते. २६६६ ऐवजी २६६७ दिसेल, त्याची काळजी नको. बिलावर ३२०० आणि इथे २१३३ किंवा २४०० असेल तर आधी एक्सएमपी तपासा, मग बोर्ड आणि प्रोसेसरची मर्यादा, आणि दोन्ही ठीक असतील तरच दुकानात जा. स्लॉट '२ पैकी १' असे दिसले तर जोडी नाही, एकच स्टिक लागली आहे. त्याच रात्री विंडोजचे मेमरी डायग्नोस्टिक चालवा: स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी करते. एकही चूक दाखवली तर पहिली स्टिक काढून दुसरीवर, मग दुसरी काढून पहिलीवर तपासा, म्हणजे खराब कोणती ते कळेल. जोडी डब्यात एकत्र आली असेल तर दोन्ही स्टिक आणि डबा घेऊनच दुकानात जावे. एकच बदलून देतो म्हणाले तर त्याच स्पीडची आणि त्याच सीएलची मागावी.